पीयूसीचा कागद आणि आपल्या गाडीचा धूर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



काल याच मंचावर नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला, उद्या पाककृती स्पर्धा आहे. या दोन्हींच्या मध्ये आमचे भाषण ठेवले आहे ते ‘गाडीचा धूर’ या विषयावर. पाडव्याला श्रीखंडाच्या आधी कडुनिंब खावा लागतो, तसेच हे समजा. कडुनिंब थोडाच असतो, आम्हीही थोडक्यात आवरू.

आमचा परिचय करून देताना सूत्रसंचालकांनी ‘तज्ज्ञ’ म्हटले. तसे काही नाही. आम्ही ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आणि गेली वीसेक वर्षे शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. आणि आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो याला कुणी हसू नये. इंदुरात तीन पिढ्या काढल्यावर ‘हम’ मराठीतही येऊन बसतो. आज जे बोलणार आहोत ते आमचे स्वतःचे मत आहे, विभागाचे नव्हे.

सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. बाप्पासमोर उभे राहून खोटे बोलता येत नाही म्हणून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी सौ.ची २०११ सालची स्कूटर होती. तिची पीयूसी संपली. गावात एक पीयूसी केंद्र आमचाच जुना विद्यार्थी चालवतो. आम्ही त्याला फोन केला, म्हटले, येतो रे संध्याकाळी गाडी घेऊन. तो म्हणाला, ‘‘सर, आप क्यों तकलीफ करते हो? नंबर प्लेट का फोटो भेज दो.’’ आम्ही फोटो पाठवला. अर्ध्या तासात पीयूसी मोबाईलवर आली. मुलाने गुरुदक्षिणा दिली म्हणून आम्हाला बरेही वाटले.

त्याच दिवसांत आमची आई रोज सकाळी खोकायची. तिची खोली खाली, पोर्चला लागून. सौ. शाळेत निघायची तेव्हा स्कूटर तिथेच सुरू व्हायची आणि दोन-तीन मिनिटे चालू राहायची. आई म्हणायची, ‘‘अरे, त्या गाडीचा वास डोक्यात जातो माझ्या. बघ ना एकदा.’’ आणि आम्ही, वीस वर्षे इंजिन शिकवणारे, तिला काय म्हणालो? म्हणालो, ‘‘आई, गाडी ठीक आहे. पीयूसी आहे तिची.’’

आई गप्प बसली. शिकलेल्या मुलाने सरकारी कागद दाखवला की आई आणखी काय बोलणार?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वर्गात पीयूसीचा धडा शिकवायचा होता. उदाहरण म्हणून आम्ही मोबाईलवरचा तोच कागद काढला आणि त्यावरचे आकडे फळ्यावर लिहू लागलो. लिहिता लिहिता हात थांबला. हे आकडे आमच्या स्कूटरचे नव्हतेच. केंद्रावर उभ्या असलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून ते आकडे आले होते. म्हणजे आईला आम्ही दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे प्रगतीपुस्तक दाखवले होते.

त्या संध्याकाळी स्कूटर घेऊन केंद्रावर गेलो आणि म्हटले, खरी तपासणी कर. पण आधी ही तपासणी नक्की काय असते ते सांगतो, कारण अनेकांना पीयूसी म्हणजे विम्यासारखीच एक पावती वाटते.

पेट्रोलच्या गाडीत इंजिन गरम करून, ॲक्सिलरेटर न देता, सायलेन्सरमध्ये एक नळी घालतात. तिला प्रोब म्हणतात. आत आलेल्या धुरातले दोन पदार्थ प्रामुख्याने मोजतात. एक कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे जिवावर बेतते. दुसरे हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. आईच्या डोक्यात जायचा तो वास याचाच. डिझेल गाडीचे वेगळे. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात आणि निघणाऱ्या धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते मोजतात. काळा धूर जितका दाट तितका प्रकाश कमी पोहोचतो.

मर्यादा गाडीच्या वयाप्रमाणे. २००० सालानंतरच्या, बीएस-सहाच्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम इतकी सूट आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा दुचाकीला मात्र ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम. नवी गाडी घेतली की पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. नंतर बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने.

तर आमच्या स्कूटरला ३.५ ची सूट होती. यंत्रावर आकडा आला ५ च्या वर. नापास.

विद्यार्थी आमच्या तोंडाकडे बघत राहिला. ‘‘सर, रद्द करू का ती आधीची?’’ म्हणाला. आम्ही म्हटले, रद्द कर, आणि पहिल्यांदा आम्हाला फोटो पाठव का म्हणालास ते सांग. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, फोटो तो आपने ही भेजा.’’

खरे होते. वर्गात आम्ही त्याला प्रोब किती आत घालायचा ते शिकवले होते. आणि एका फोटोने, प्रोब घालायची गरज नाही हेही शिकवले होते. दुसरा धडा त्याला जास्त पक्का समजला.

मग त्याने त्याची अडचण सांगितली. तीही ऐकण्यासारखी आहे. केंद्राची फी थोडी. यंत्र महाग, त्याची वेळोवेळी दुरुस्ती आणि जुळवणी करून घ्यावी लागते. गिऱ्हाईक येते ते घाईत, पेट्रोल भरता भरता. गाडी नापास केली की गिऱ्हाईक चिडते, पुढच्या चौकातल्या केंद्रावर जाते आणि परत कधी येत नाही. म्हणजे परीक्षा ज्याची घ्यायची तोच परीक्षकाला पैसे देतो, आणि नापास झाला तर परीक्षक बदलतो. आपल्या मुलांच्या शाळेत असे झाले असते तर आपण आंदोलन केले असते. पीयूसीच्या बाबतीत ते आपल्याला सोयीचे वाटते. आपल्याला तपासणी नको असते, कागद हवा असतो. जे मागितले जाते ते बाजारात मिळते.

आता स्कूटरचे काय झाले ते ऐका. एवढा धूर म्हणजे इंजिनचे काम निघणार, मोठा खर्च, असेच आपल्याला वाटते. आम्ही दुसऱ्या दिवशी ती आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि मुलांना म्हटले, शोधा. एअर फिल्टर उघडला तर तो धुळीने जाड झालेला. स्पार्क प्लग काजळीने काळा. आणि कार्बोरेटरचा स्क्रू कुण्या मेकॅनिकने ‘पिकअप चांगला मिळेल’ म्हणून फिरवून ठेवलेला.

काय झाले होते ते सोप्या भाषेत सांगतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. फिल्टर तुंबला की हवा कमी, स्क्रू फिरवला की पेट्रोल जास्त. चुलीला वारा मिळाला नाही की ती धुमसते, स्वयंपाकघरभर धूर होतो आणि लाकडेही जास्त लागतात. तेच इंजिनात. नवा फिल्टर, नवा प्लग, कार्बोरेटर साफ करून स्क्रू जागेवर. एका कुटुंबाच्या सराफ्यातल्या खाण्याएवढा खर्च आला. परत तपासणी केली तर आकडा २ च्या आत. आणि पुढच्या महिन्यात सौ. म्हणाली, पेट्रोल कमी लागतेय का हो?

आईचा खोकला? तो पूर्ण गेला असे आम्ही म्हणणार नाही. खोकला धुळीचाही असतो, वयाचाही. पण सकाळी ती खिडकी उघडी ठेवू लागली. आम्हाला तेवढे प्रमाणपत्र पुरे.

इथपर्यंत झाली निष्काळजीपणाची गोष्ट. आता तरुण मंडळींच्या विषयाकडे येतो, म्हणजे हौसेने केलेल्या बदलांकडे. बुलेटच्या बाजारात ‘इंदोरी’ नावाचा एक सायलेन्सर मिळतो. पोहे-जिलबीने आणि शेवेने आपल्या गावाचे नाव केले, त्यात ही एक भर. तो लावला की गाडी चार गल्ल्या आधीपासून ऐकू येते.

आमच्या भाच्याने गेल्या वर्षी नवी मोटारसायकल घेतली. तीन महिन्यांत बाहेरचा सायलेन्सर आणला आणि म्हणाला, ‘‘मामा, आता रिमॅप करून घेतो. कंपनीने इंजिन बांधून ठेवलेलं असतं, रिमॅप केलं की मोकळं होतं.’’

त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही, म्हणून नीट समजून घेऊ. नव्या गाडीत कार्बोरेटर नसतो. ईसीयू नावाचा छोटा संगणक असतो आणि त्यात एक मोठा तक्ता भरलेला असतो. इंजिन इतक्या वेगात, ॲक्सिलरेटर इतका, तर पेट्रोल इतके आणि ठिणगी या क्षणी. हा तक्ता बदलणे म्हणजे रिमॅप. कंपनी तक्ता भरताना हात राखून भरते हे खरे. कारण तीच गाडी लडाखच्या थंडीत चालायची असते आणि आपल्या मे महिन्यातही, चांगल्या पेट्रोलवर आणि हलक्या पेट्रोलवरही. आणि तिला धुराच्या मर्यादेतही राहायचे असते. ज्याला भाचा ‘बांधून ठेवलेले’ म्हणतो, त्यातली एक दोरी इंजिनाच्या आयुष्यासाठी असते आणि दुसरी मागून येणाऱ्यासाठी.

ही दुसरी दोरी सायलेन्सरच्या नळीत असते. तिचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरलेले पेट्रोल जळून जाते. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो लावणे सुरू झाले. शिसे असलेल्या पेट्रोलने हा थर निकामी होतो, म्हणून त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली देशभर तेच झाले. म्हणजे या विटेपायी साऱ्या देशाचे पेट्रोल बदलले. बाहेरचा सायलेन्सर बसवताना अनेकदा ही वीट काढून भंगारात जाते.

भाच्याला आम्ही रागावलो नाही. रविवारी गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये ये म्हटले. मूळ सायलेन्सरवर यंत्र लावले. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ शून्य. मग त्याचाच नवा सायलेन्सर त्याच्याच हाताने बसवला आणि परत मोजले. आकडा मर्यादेच्या पार. रिमॅप तर अजून झालाच नव्हता. गाडी तीच, पेट्रोल तेच, मधली वीट तेवढी गेली. भाचा म्हणाला, ‘‘पण मामा, पॉवर?’’ आम्ही म्हटले, लहान इंजिनात वाढून वाढून वाढणार एक-दोन अश्वशक्ती, आणि विजयनगरच्या सिग्नलला तुला ती वापरायला कुठे मिळणार? वाढतो तो मुख्यतः आवाज. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो.

ट्यूनिंग हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. शर्यतीच्या बंद ट्रॅकवर ते एक शास्त्र आहे, आणि चांगला ट्यूनर काम करताना बघायला आम्हालाही आवडते. पण शब्दाचा अर्थ बघा. हे उस्ताद अमीर खाँ यांचे गाव आहे. तंबोरा जुळवणे म्हणजे त्याचा आवाज वाढवणे नव्हे, तो बाकीच्यांच्या सुरात आणणे. जुने मेकॅनिक ‘ट्यूनिंग करून देतो’ म्हणायचे ते याच अर्थाने. आमच्या स्कूटरचे मुलांनी केले ते खरे ट्यूनिंग.

कायदा दोन वाक्यांत सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. आणि धूर किंवा आवाजाचे निकष मोडले तर कलम १९०, पोटकलम २ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने लायसन्सही जाते. वॉरंटी जाते ती वेगळी.

डिझेल गाडीवाल्या काका लोकांनी हसू नये, त्यांचाही नंबर आहे. बीएस-सहा डिझेल गाडीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ. घर ते दुकान, दुकान ते घर, असे दोन-तीन किलोमीटरच फिरवले तर तो तुंबतो आणि समोर दिवा लागतो. मग कुणी तरी सुचवतो की फिल्टर काढून टाका आणि संगणकातून दिवाही बंद करून घ्या. डॉक्टरने ताप उतरवायच्या ऐवजी थर्मामीटर फोडावा, तसे हे. त्या फिल्टरला तापून स्वतः साफ व्हायला वेळ लागतो, एवढेच. दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे बायपासवर वीसेक मिनिटे एका वेगाने चालवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते, नाही झाले तर सर्व्हिस सेंटर. आणि ज्यांचे फिरणे गावातल्या गावातच आहे, त्यांनी डिझेल गाडी घ्यावीच का, हा विचार घेण्याआधी करावा.

कुणी म्हणेल, सर, पीयूसी पास झाली तर गाडी स्वच्छच ना? प्रामाणिकपणे सांगायचे तर तेही पुरते खरे नाही. आपल्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत, काजळीचे बारीक कण मोजत नाहीत. आणि गाडी उभी असताना मोजतात, घाट चढताना नव्हे. परीक्षेपुरता अभ्यास करणारी गाडी असू शकते. याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण फोक्सवॅगनचे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले की त्यांच्या डिझेल गाड्यांच्या संगणकाला आपली तपासणी चालू आहे हे ओळखता येत होते. तेवढ्यापुरती गाडी सभ्य वागायची, रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते. हे पकडले कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहान गटाने. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना ही आपल्या देशातून गेलेली मुले होती. त्यांनी वेगळे काय केले? यंत्र गाडीत ठेवले आणि गाडी रस्त्यावर चालवून मोजली.

कंपनीची फसवणूक मोठी, आमचा व्हॉट्सॲपवरचा फोटो लहान. पण जात एकच. दोन्हीत कागद पास झाला आणि धूर तसाच राहिला.

आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले. ते काही फक्त महापालिकेच्या गाडीमुळे नाही आले. आपल्या घरातल्या काकूंनी ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा करायला सुरुवात केली म्हणून आले. कुणी पाहत नसताना, स्वयंपाकघराच्या दाराआड. रस्त्यावर साधे पाकीट टाकले तर आपण ओरडतो. मग सायलेन्सरमधून जे टाकतो ते दिसत नाही म्हणून चालते का?

म्हणून चारच गोष्टी मागतो. पीयूसीला गाडी घेऊन स्वतः जा. दहा मिनिटे चालवून इंजिन गरम झाल्यावर जा, थंड इंजिन उगाच नापास होते. नळी आपल्याच गाडीत गेली ना ते बघा आणि कागदावरचे आकडे वाचा, फक्त तारीख नको. आणि गाडी नापास झाली तर केंद्र बदलू नका, फिल्टर बदला. नापास करणाऱ्या पोराला शाबासकी द्या. त्याला ती कुणी देत नाही.

येत्या रविवारी सकाळी आमच्या आयटीआयची चार मुले मंडळाच्या आवारात बसतील. कागद कुणाला मिळणार नाही. एअर फिल्टर, प्लग आणि चाकांतली हवा बघून देतील, फुकट. चहा मंडळाने द्यावा.

भाच्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. मूळ सायलेन्सर परत बसला. दुसरा अजून माळ्यावर आहे, फडक्यात गुंडाळून. विक म्हटले तर म्हणतो, ‘‘राहू दे ना मामा.’’ राहू दे. तो माळ्यावर असेपर्यंत आमची तक्रार नाही.

आणि आमचा तो विद्यार्थी. आता आम्ही गेलो की तो आधी खुर्ची देतो, मग स्वतः वाकून नळी घालतो आणि यंत्राचा पडदा आमच्याकडे फिरवतो. म्हणतो, ‘‘सर, देख लो.’’ आम्ही बघतो.